घाटमाथ्यावरची गाडी आणि सत्तेचा प्रश्न

मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्याला थांबते. मागे जादा इंजिनं जोडली जातात. रेल्वेतले लोक त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागचे बँकर रेटतात आणि ३७ फुटांमागे १ फूट असा थळ घाटाचा चढ चढून गाडी इगतपुरीला येते. तिथे बँकर सुटतात आणि पुन्हा कसाऱ्याला उतरतात. मुंबईकडे जाणाऱ्या गाडीला घाटात सोडण्याआधी इगतपुरीत तिचे ब्रेक तपासावे लागतात. १ जानेवारी १८६५ ला हा मार्ग सुरू झाला. आज काही नव्या गाड्यांना बँकर लागत नाहीत, पण बहुतेक गाड्यांची रीत अजून हीच आहे.

मुंबई बंदराला उत्तर हिंदुस्थान आणि विदर्भाशी जोडणारी ही मुख्य वाट. ती या एका चढावर अरुंद होते. इथले ड्रायव्हर, गार्ड, पॉइंट्समन आणि गँगमन कामावर आले नाहीत तर कोळसा, धान्य, टपाल, पलटणी सगळंच अडतं. इगतपुरी हे गाव रेल्वेच्या आधारानेच वाढलं. लोको शेड, रनिंग रूम आणि क्वार्टरच्या रांगा यांभोवती त्याचं आयुष्य फिरत राहिलं. १९२५ मध्ये सरकारने जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीकडून स्वतःच्या ताब्यात घेतली, तेव्हापासून इथल्या कामगाराचा मालक म्हणजे थेट सरकार. पगार देणारं तेच, घर देणारं तेच, संप बेकायदा ठरवणारं तेच आणि पोलीस पाठवणारंही तेच.

समाजवाद्यांमधला सर्वांत जुना आणि चिवट वाद समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही. गाडी थांबली की राज्य थांबतं का? थांबलंच, तर ते ताब्यात घ्यायचं, मोडून काढायचं की त्याच्याशी बोलणी करायची? हा वाद पुस्तकी वाटतो. पण नाशिक जिल्ह्याने तो तुरुंगात, अधिवेशनात, संपात आणि पायी मोर्चात पाहिला आहे.

आधी एक भेद लक्षात घ्यायला हवा. सरकार निवडणुकीने बदलतं. तहसील कचेरी, पोलीस ठाणं, न्यायालय, वनखातं, लष्कर, रेल्वे बोर्ड मात्र जागच्या जागी राहतात. या टिकून राहणाऱ्या यंत्रणेला राज्यसंस्था म्हणतात. समाजवाद्यांचं भांडण सरकारवरून कमी आणि या यंत्रणेवरून जास्त आहे.

जर्मनीत एडुआर्ड बर्नस्टाइनने १८९९ मध्ये मांडलं की मताचा हक्क मिळाल्यावर कष्टकऱ्यांना संसदेत बहुमत मिळवता येईल आणि हीच यंत्रणा त्यांच्या कामी लावता येईल. त्याच्या कितीतरी आधी, १८७१ मध्ये, पॅरिसच्या कामगारांनी ७२ दिवस शहर चालवलं आणि मग त्यांची कत्तल झाली. ते पाहून मार्क्सने नेमका उलटा निष्कर्ष काढला होता: तयार यंत्रणा उचलून आपल्यासाठी वापरणं कामगारांना जमणार नाही. जुना वाडा विकत घेतला तरी ओसरीवर कोण बसणार, माजघरात कोण जाणार आणि कोणाला दिंडी दरवाजाबाहेर थांबावं लागणार हे भिंतींनीच ठरवलेलं असतं, तसं हे आहे. लेनिनने १९१७ च्या उन्हाळ्यात भूमिगत असताना हाच धागा पकडून ‘राज्यसंस्था आणि क्रांती’ लिहिलं. भिंतीच पाडाव्या लागतील, असं त्याचं म्हणणं. रोझा लुक्झेंबुर्गचा भर तिसऱ्याच गोष्टीवर होता. मोठ्या संपात कामगार स्वतःची ताकद ओळखायला शिकतो आणि हे शिक्षण पक्षाच्या कचेरीतून वाटता येत नाही, हे तिने १९०५ च्या रशियातल्या संपांवरून दाखवलं. पुढे इटलीत मुसोलिनीच्या तुरुंगात ग्रामशीने आणखी एक गोष्ट पुढे आणली: राज्य दंडुक्यावर जितकं चालतं तितकंच लोकांच्या संमतीवर चालतं आणि ती संमती शाळा, देऊळ, वर्तमानपत्र, घर यांतून तयार होते.

यांतलं प्रत्येक मत राज्याविषयीचं एक निदान आहे. निदान बदललं की उपाय बदलतो. राज्य म्हणजे हत्यार असं मानलं तर ते हिसकावण्याची तयारी करायची, तटस्थ पंच मानलं तर निवडणूक लढवायची, आणि संमती मानली तर वस्त्यावस्त्यांतून वर्षानुवर्षं काम करायचं. पुढचा सगळा इतिहास वाचताना हे सूत्र हाताशी ठेवलं की कोण कोणाशी का भांडलं ते उलगडत जातं.

मराठीपुरतं पाहिलं तर या वादाचं एक टोक नाशिक जिल्ह्यातच सापडतं. निफाड तालुक्यातल्या करंजगावात १८९९ मध्ये श्रीपाद अमृत डांगे जन्मले. १९२१ मध्ये, ऐन असहकाराच्या धामधुमीत, त्यांनी ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका इंग्रजीत लिहिली. परकी सत्ता कशी हटवायची, या प्रश्नाला तेव्हा दोन जिवंत उत्तरं होती आणि विशी नुकती ओलांडलेल्या या तरुणाने ती शेजारी शेजारी ठेवली. आठ वर्षांनी मेरठ कटाच्या खटल्यात डांग्यांबरोबर जीआयपी रेल्वेमेन्स युनियनचे के. एन. जोगळेकरही पकडले गेले. रेल्वे कामगार संघटित करणं हे तेव्हा राजद्रोहाच्या किती जवळ मानलं जात होतं, हे यावरून कळावं.

दुसरं टोक नाशिकरोडच्या मध्यवर्ती तुरुंगात आहे. सविनय कायदेभंगाच्या दुसऱ्या लाटेत, १९३२ नंतर, तिथे काही तरुण काँग्रेसवाले एकत्र आले: जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एम. एल. दांतवाला. जयप्रकाश अमेरिकेत शिकताना मार्क्सवादी होऊन परतले होते. आंदोलन ओसरत होतं आणि या मंडळींना पडलेला प्रश्न सरळ होता: उद्या इंग्रज गेले आणि त्यांच्या खुर्चीत देशी जमीनदार आणि गिरणीमालक बसले, तर शेतकऱ्याच्या वाट्याला काय येईल? तुरुंगातल्या या चर्चांमधून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली आणि मे १९३४ मध्ये पाटण्याला आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली तो उभा राहिला. याच तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्या भिंतींच्या आत एकाच सुमारास ही दोन्ही कामं चालली होती, याचं मला फार अप्रूप वाटतं. दोन्हींच्या तळाशी गरिबाच्या घराविषयीची कळकळ होती.

या तुरुंगमित्रांचं पुढे काय झालं ते पाहिलं की निदानाचा मुद्दा स्पष्ट होतो. अशोक मेहतांना वाटू लागलं की मागास अर्थव्यवस्थेत विरोधकांनीही राज्याच्या विकासकामात हात द्यायला हवा. ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि काँग्रेसमध्ये गेले. मसानींना राज्याचाच धोका वाटू लागला. १९५९ मध्ये खासगी उद्योगाचा कैवार घेणारा स्वतंत्र पक्ष उभारण्यात ते पुढे होते. अच्युतराव पटवर्धन बेचाळीसच्या भूमिगत लढ्याचे नायक, पण स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत राजकारणातून बाजूला झाले. जयप्रकाशांनी १९५४ मध्ये भूदानासाठी जीवनदान जाहीर केलं आणि पक्षाविना लोकशाहीचा मार्ग धरला. गोरे समाजवादी पक्षातच राहून निवडणुका आणि लढे दोन्ही करत राहिले. ही माणसं प्रामाणिक होती, हुशार होती. एकाच तुरुंगात एकाच प्रश्नापासून निघून ती इतक्या दूरदूरच्या उत्तरांपर्यंत पोचली. वाद अवघड आहे तो यामुळे.

इगतपुरीहून पुढे नाशिक ओलांडलं की मनमाड लागतं. १२ फेब्रुवारी १९३८ ला तिथे जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी तिथे सांगितलं. हे भाषण पुष्कळदा उद्धृत होतं, पण त्यातला रेल्वेचा तपशील मागे पडतो आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो, असं बाबासाहेबांनी मांडलं. त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला वापरतो आणि अस्पृश्याला तो घरात घेणार नाही. वरच्या जागांचा तर प्रश्नच नाही.

हा तपशील नीट पाहायला हवा. नोकरी सरकारी आहे, नियम लेखी आहेत, नियमात जात कुठेच नाही. तरीही स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बढती अडते. राज्यसंस्था म्हणजे केवळ मालकवर्गाचं हत्यार, एवढ्या निदानात हे बसत नाही. रेल्वे ताब्यात घेतली, कंपनीची सरकारी केली, उद्या कामगारांच्या राज्याची केली, तरी तो उंबरा आपोआप जाईल याची हमी काय? एकजुटीची हाक देणाऱ्या कामगार संघटनांनी हा प्रश्न बाजूला ठेवला होता, हीच बाबासाहेबांची तक्रार होती. त्यांचं स्वतःचं उत्तर १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’मध्ये आहे: मुख्य उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करायची आणि हे राज्यघटनेतच लिहायचं, म्हणजे उद्याच्या बहुमताला ते सहज पुसता येणार नाही. बर्नस्टाइन आणि लेनिन या दोघांहून ही वाट वेगळी आहे. पुढे धुळ्याचे शरद पाटील यांनी मार्क्सबरोबर फुले आणि आंबेडकर घेऊन १९७८ मध्ये सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, तो याच न सुटलेल्या गाठीपाशी.

मध्ये बेचाळीसचं ‘छोडो भारत’ आंदोलन येऊन गेलं. साताऱ्यात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४३ ते १९४६ या काळात न्यायदान मंडळं चालवली, तुफान सेना उभारली आणि इंग्रजी राज्याच्या शेजारीच दुसरं राज्य काही गावांत उभं करून दाखवलं. एकाच मुलखात दोन सत्ता फार काळ नांदत नाहीत हे खरं, पण लोक तक्रार घेऊन कोणाकडे जातात यावरून सत्ता कोणाची ते ठरतं, हे साताऱ्याच्या शेतकऱ्याने कोणत्याही ग्रंथाविना दाखवून दिलं.

आता १९४८ चा मार्च महिना. २८ फेब्रुवारी ते ६ मार्च या दिवसांत कलकत्त्याला कम्युनिस्ट पक्षाचं दुसरं अधिवेशन झालं आणि मुंबईचे भालचंद्र त्र्यंबक रणदिवे सरचिटणीस झाले. त्यांचं निदान असं: आलेलं स्वातंत्र्य खोटं आहे, नेहरूंचं सरकार साम्राज्यवादाशी आणि भांडवलदारांशी हातमिळवणी केलेलं आहे आणि जनता उठावाच्या तयारीत आहे. तेलंगणात शेतकरी लढतच होते. शहरांत सार्वत्रिक संपाची ठिणगी पडली की झालं. दोन आठवड्यांनी, १९ ते २१ मार्चला, समाजवादी पक्षाचं अधिवेशन नाशिकला भरलं. गांधीजींच्या खुनाला दोन महिनेही झाले नव्हते. समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय तिथे घेतला, पण सशस्त्र उठावाकडे जाण्यासाठी नव्हे. साधनं अशुद्ध असतील तर समाजवादही अशुद्धच हाती येईल, या विचारावर जयप्रकाश तोवर येऊन पोचले होते. लोकशाही विरोधी पक्ष म्हणून उभं राहायचं, असं ठरलं.

ही दोन निदानं वर्षभरात एकमेकांना भिडली ती रेल्वेतच. जयप्रकाश तेव्हा ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. महागाईने कामगार पिचले होते आणि ९ मार्च १९४९ पासून संपाची तयारी चालली होती. ऐन वेळी फेडरेशनने वाटाघाटींचा मार्ग धरून संप मागे घेतला. कम्युनिस्टांना ही दगाबाजी वाटली. त्यांनी ९ मार्चची हाक कायम ठेवली. सरकारने आधीच धरपकड करून त्यांच्या कार्यकर्त्यांना आत टाकलं होतं. ठरलेल्या दिवशी गाड्या धावल्या.

तो संप का फसला? नेते तुरुंगात होते, संघटनेत फूट होती, ही कारणं आहेतच. पण माझ्या मते मूळ चूक निदानात होती. नेहरूंचं राज्य तेव्हा दंडुक्याइतकंच विश्वासावर उभं होतं. दीड वर्षापूर्वी तिरंगा फडकताना ज्या फायरमनने डोळे पुसले, तो धान्याच्या भावासाठी सरकारशी भांडायला तयार होता. ते सरकार उलथून टाकायला तयार नव्हता. त्याचा राग आणि त्याची निष्ठा दोन्ही खरी होती. रणदिव्यांच्या मांडणीत त्या निष्ठेला जागाच नव्हती. दुसऱ्या बाजूने, ज्या मागण्यांसाठी कामगार सज्ज झाला होता त्या संप मागे घेतल्याने सुटल्या नाहीत आणि वाटाघाटींवर भरवसा ठेवलेल्यांच्या पदरीही थोडंच पडलं. १९५० मध्ये पक्षाने रणदिव्यांना सरचिटणीसपदावरून दूर केलं.

त्याच वर्षी मालेगाव तालुक्यातल्या दाभाडीला शेतकरी कामगार पक्षाने आपला प्रबंध मंजूर केला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखी काँग्रेसमधून बाहेर पडलेली, ब्राह्मणेतर चळवळीत मुरलेली माणसं त्या पक्षात होती. दाभाडी प्रबंधाने त्याला मार्क्सवाद-लेनिनवादाच्या चौकटीत आणलं. बहुजन शेतकऱ्याचा पक्ष कामगारवर्गाच्या नेतृत्वाची भाषा बोलू लागला. जेधे, मोरे काही वर्षांत काँग्रेसमध्ये परतले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर यशवंतराव चव्हाणांनी साखर कारखाने, जिल्हा परिषदा आणि सहकारी बँका यांतून त्याच शेतकऱ्याला राज्यसंस्थेत जागा दिली तेव्हा या पक्षाची जमीन आक्रसत गेली. दंडुक्याने जे साधत नाही ते संमती कशी साधते, याचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण हे.

१९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला. कारणं अनेक होती, पण दोन्ही पक्षांच्या कार्यक्रमांत राज्यसंस्थेविषयीचं वाक्य वेगळं होतं. भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या मते हे राज्य एकूण राष्ट्रीय भांडवलदारवर्गाचं, त्यात बड्यांचा प्रभाव मोठा. मार्क्सवादी पक्षाच्या मते ते भांडवलदार आणि जमीनदारांचं, आणि नेतृत्वच बड्या भांडवलदारांचं. बाहेरच्या माणसाला यात काय मोठा फरक, असं वाटेल. अकरा वर्षांनी आणीबाणी आली तेव्हा तो दिसला. पहिल्या पक्षाने राष्ट्रीय भांडवलदारांतला प्रगतिशील भाग म्हणून इंदिरा गांधींना साथ दिली. दुसरा विरोधात राहिला आणि त्याचे कार्यकर्ते तुरुंगात गेले. कार्यक्रमातली ओळ माणसाला गजांच्या कुठल्या बाजूला उभं करते, ते असं.

आणीबाणीच्या आधी रेल्वेचा मोठा संप झाला. इगतपुरीसारख्या गावातून पाहिलं तर ही या सगळ्या गोष्टीची मध्यवर्ती घटना. इंजिनावरच्या ड्रायव्हर-फायरमनना चौदा-चौदा तास आणि त्याहूनही जास्त सलग ड्यूटी पडे. ऑगस्ट १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने संप करून दहा तासांची मर्यादा कबूल करून घेतली. त्याने हुरूप वाढला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये निरनिराळ्या संघटनांची मिळून राष्ट्रीय समन्वय समिती बनली. काँग्रेसच्या बाजूचा महासंघ बाहेर राहिला. आठ तासांचा दिवस, बोनस, सार्वजनिक उद्योगांतल्या कामगारांइतका पगार, स्वस्त धान्य, रोजंदारीवाल्यांना कायम करणं, अशा मागण्या होत्या. यात राज्य उलथवण्याचं काही नव्हतं.

२ मेला, वाटाघाटी चालू असतानाच, फर्नांडिसना लखनौला अटक झाली. ८ मे १९७४ ला संप सुरू झाला. सुमारे १७ लाख कामगारांच्या रेल्वेत हे घडत होतं. सरकारने भारत संरक्षण नियम आणि मिसा वापरले, हजारोंना पकडलं, हजारोंना नोकरीवरून काढलं, गाड्या चालवायला प्रादेशिक सेनेची माणसं आणली. आणि क्वार्टरवर हात टाकला. देशभर रेल्वे वसाहतींत पोलीस घरोघरी गेले, कुटुंबांना घर खाली करायला सांगितलं गेलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण राज्यसंस्था म्हणजे काय याचं उत्तर या क्वार्टरच्या दारात मिळतं. गिरणी कामगार संपावर गेला तर मालक पगार कापतो. त्याची चाळीतली खोली दुसऱ्या कोणाची असते, त्याचं दुकान तिसऱ्याचं, पोलीस चौथ्याचे. रेल्वे कामगाराचं तसं नाही. पगार, घर, नळाचं पाणी, दवाखाना, मुलांची शाळा, प्रवासाचा पास, म्हातारपणाचं निवृत्तिवेतन हे सगळं एकाच मालकाकडून येतं आणि त्याच मालकाकडे अटक करायचा अधिकारही असतो. संपाच्या रात्री दार वाजलं की बाहेर मालक, घरमालक आणि पोलीस एकाच गणवेशात उभे असतात. त्या वेळी घरात बाई आणि मुलं असतात. नवरा रुळांशेजारच्या गावात लपलेला असतो. संप किती दिवस टिकेल हे त्या बाईच्या हिमतीवरही ठरतं. क्रांतीच्या मार्गांविषयी लिहिलेल्या जाड ग्रंथांत या दाराला फार कमी जागा मिळाली आहे, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

१८ मेला पोखरणला अणुस्फोट झाला. वर्तमानपत्रांचं लक्ष तिकडे वळलं. २७ मेला संप बिनशर्त मागे घेतला गेला. कामगार हरला. पण नऊच दिवसांनी, ५ जूनला, पाटण्याच्या गांधी मैदानावर जयप्रकाशांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. रेल्वे संप मोडताना जे नियम आणि जी धरपकड वापरली गेली, तीच वर्षभरात आणीबाणीच्या रूपाने साऱ्या देशावर आली. नाशिकरोडच्या तुरुंगात ज्यांनी समाजवादी पक्षाची कल्पना केली होती ते जयप्रकाश, आता सत्तरी ओलांडलेले, पुन्हा तुरुंगात गेले. १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून सरकार घालवलं. नवे रेल्वेमंत्री झाले राजापूरचे खासदार, समाजवादी मधु दंडवते आणि संपात काढून टाकलेल्यांना त्यांनी परत घेतलं. बोनसची मागणी १९७९ मध्ये उत्पादकतेशी जोडलेल्या बोनसच्या रूपाने मान्य झाली.

मग जिंकलं कोण, संप की मतपेटी? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. संप नसता तर १९७७ चं मत इतकं ठाम झालं नसतं आणि निवडणूक नसती तर काढलेला कामगार काढलेलाच राहिला असता. राज्यसंस्था कोणा एकाचं मुकाट हत्यार असती तर दंडवते रेल्वे भवनात बसून हे करू शकले नसते. ती तटस्थ पंच असती तर क्वार्टरच्या दारावर थाप पडली नसती. तिच्यात भेगा असतात, पण त्या आपोआप पडत नाहीत. बाहेरून रेटा आला की पडतात आणि आत कोणी तयार असेल तरच त्यांचा उपयोग होतो.

हाच रेटा ६ मार्च २०१८ ला नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला. किसान सभेच्या मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागांतले आदिवासी शेतकरी होते. घोटी-इगतपुरीवरून, कसारा घाट उतरून, सुमारे १८० किलोमीटर चालत ते मुंबईला पोचले. शेवटच्या रात्री सोमय्या मैदानावर न थांबता अंधारातच आझाद मैदान गाठलं, दहावीच्या मुलांना सकाळी परीक्षेला जाताना अडचण होऊ नये म्हणून. हे राज्य भांडवलदार-जमीनदारांचं आहे, असं ज्या मार्क्सवादी पक्षाचा कार्यक्रम सांगतो, त्याच्याच शेतकरी संघटनेची मुख्य मागणी होती की राज्याने स्वतःचाच कायदा पाळावा: २००६ चा वनहक्क कायदा.

यात विसंगती आहे का? कायदा कसा चालतो ते पाहिलं तर उत्तर मिळतं. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब वनजमीन कसत असेल तर चार हेक्टरपर्यंतच्या जमिनीवर त्याचा हक्क मान्य होऊ शकतो. दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे येतो. समिती शेतावर जाऊन पाहते: बांध, जुनी झाडं, विहीर, देवाचं ठाणं. कागद नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा धरला जातो. ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हा समिती. मिळणारा पट्टा नवराबायको दोघांच्या नावाने असतो. तो वारसाला जातो, विकता येत नाही.

जिथे आजवर वनखात्याचा गार्ड म्हणेल ती हद्द होती, तिथे हद्द ठरवायची सुरुवात आता गावसभेत होते. राज्यसंस्थेचा एक छोटा तुकडा, जमिनीची नोंद ठरवण्याचा, गावाच्या हातात येतो. सगळं राज्य बदलत नाही. वरच्या दोन समित्यांत दावे अडतात, क्षेत्र कापलं जातं, चार एकर कसणाऱ्याच्या हाती काही गुंठ्यांचा पट्टा पडतो, हीच तर मोर्चाची तक्रार होती. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढायचं त्यात होतं. परतणाऱ्यांसाठी मध्य रेल्वेने भुसावळपर्यंत खास गाड्या सोडल्या आणि आठवडाभर चाललेली माणसं रात्री बसून तोच घाट चढली.

आश्वासनं पुरी झाली नाहीत म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला आणि मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून आणखी एक. तो वासिंदला थांबला आणि बोलण्यांनंतर मागे घेतला गेला. प्रत्येक वेळी मागण्यांच्या यादीत वनहक्क होताच. ज्या गावांत वनहक्क समिती दर महिन्याला बसते, नकाशा स्वतः काढते, नामंजूर दाव्यावर अपील मुदतीत टाकते, तिथल्या फायली पुढे सरकण्याची शक्यता जास्त असते. ज्या गावांत समितीतली नावं फक्त ठरावाच्या कागदावर आहेत, तिथल्या माणसाला पुढच्या मोर्चाची वाट पाहावी लागते.